याला पोसते कोण?

(आपल्या संघाच्या तिरोडा येथील वार्षिक सर्वसाधारण सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं हे भाषण. रोवणीच्या उरलेल्या कामामुळे बऱ्याच गटांच्या प्रतिनिधी येऊ शकल्या नाहीत, त्यांच्यासाठी इथे देत आहोत. गटाच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवावं.)



अहवाल वाचून झाला, ऑडिट झालं, आता जेवणाआधीची वीस मिनिटं माझी. विषयपत्रिकेत माझ्या नावापुढे "निधी उभारणी" असं लिहिलं आहे. हा शब्द वाचला की निम्म्या जणी घड्याळाकडे बघतात, मला माहीत आहे. म्हणून मी आधी विमानाचं सांगते. निधीचं मग बघू.

मागच्या हिवाळ्यात गोव्याला प्रदर्शनात आपला स्टॉल होता. मोहाचे लाडू, जवसाची चटणी, लाखोळीची डाळ घेऊन आपण सहा जणी गेलो होतो. परतीची गाडी संध्याकाळची होती, हातात अर्धा दिवस होता. समुद्र बघून झाला होता. तेव्हा वास्कोच्या पुढे बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचं विमानांचं संग्रहालय आहे, तिथे गेलो. 1998 साली सुरू झालेलं. मोकळ्या अंगणात जुनी लढाऊ विमानं आणि हेलिकॉप्टरं उभी आहेत, आपण अगदी जवळ जाऊन बघू शकतो. बिरसीच्या धावपट्टीवरून उडणारी शिकाऊ विमानं आपल्याला दुरून दिसतात, गुरं राखणारी पोरं हात हलवतात. इथे विमानाच्या पोटाखाली उभं राहून आम्ही डबे खाल्ले.

त्यात एक फार मोठं, चार पंख्यांचं विमान आहे. सुपर कॉन्स्टेलेशन. ते आधी एअर इंडियाचं प्रवासी विमान होतं आणि तेव्हा त्याचं नाव होतं "रानी ऑफ एलोरा", म्हणजे आपल्या वेरूळची राणी. मग ते हवाई दलाकडे गेलं, तिथून नौदलाकडे. समुद्रावर नजर ठेवायचं काम त्याने केलं आणि आता म्हातारपणी तिथे उन्हात उभं आहे.

सगळ्या जणी फोटो काढत होत्या. आपल्या एक मावशी मात्र कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "एवढं मोठं हाय, काही काम करत नाही. याले पोसते कोण वं?"

आम्ही हसलो. पण गाडीत बसल्यावर तोच प्रश्न माझ्या डोक्यात फिरत राहिला. एमएसडब्ल्यूला दोन वर्षं प्रकल्प कसा लिहायचा, अनुदान कसं मागायचं हे शिकले. प्रकल्प संपल्यावर त्या कामाला पोसायचं कोणी, यावर मोजून दोन तास झाले असतील. गोव्याचं ते संग्रहालय नौदलाचं आहे, तिथे तिकीट आहे, सांभाळायला माणसं आहेत. पण असा मालक सगळ्यांना मिळत नाही.

त्या अंगणात सी हॉक आणि अलिझे नावाची दोन विमानं आहेत. ही विमानं एका जहाजावरून उडायची. जहाजावरून विमान कसं, असं तुम्ही विचाराल. पाठीवर धावपट्टी घेऊन समुद्रात फिरणारं जहाज असतं, विमानवाहू म्हणतात त्याला. आपल्या देशाचं पहिलं विमानवाहू जहाज आयएनएस विक्रांत. 1961 साली नौदलात आलं. लांबी सुमारे 700 फूट, म्हणजे आपल्या कार्यालयाच्या गल्लीत ते मावणारच नाही. 1971 च्या युद्धात विक्रांत बंगालच्या उपसागरात होतं आणि 4 डिसेंबरला त्यावरून उडालेल्या सी हॉक विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले केले. आज इथे बसलेल्या आज्यांना ते युद्ध आठवत असेल.

31 जानेवारी 1997 ला विक्रांत निवृत्त झालं. पुढे त्याचं संग्रहालय केलं आणि 2001 पासून ते मुंबईत लोकांना बघायला मिळू लागलं. शाळांच्या सहली यायच्या. हे संग्रहालय कायम राहावं, स्वतःच्या पायावर उभं राहावं असं सगळ्यांनाच वाटत होतं. वाटत सगळ्यांना होतं, पण चालवायला पक्का भागीदार काही मिळाला नाही. राज्याला खर्च झेपेना, नौदलालाही कायमचा सांभाळ शक्य नव्हता. आणि लोखंड खाऱ्या पाण्यात उभं आहे म्हटल्यावर गंज काय चर्चा संपायची वाट बघतो? 2012 मध्ये सुरक्षित नाही म्हणून लोकांसाठी बंद झालं. 2014 च्या जानेवारीत लिलाव झाला, 60 कोटींना. वाचवण्यासाठी काही लोक सुप्रीम कोर्टापर्यंत गेले, तिथेही जमलं नाही, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात जहाज तोडायला घेतलं. ते लोखंड काही प्रमाणात एका मोटारसायकलमध्ये वापरलं, बजाजची "व्ही" म्हणून 2016 ला आलेली. तुमच्या गावात कोणाकडे असेल तर टाकीवर हात फिरवून बघा.

विक्रांतवर लोकांचं प्रेम नव्हतं असं कोणी म्हणू शकत नाही. पण प्रेम 26 जानेवारीला येतं आणि रंगकामाचं बिल दर महिन्याला येतं. कुणीतरी मोठा देईल, सरकार देईल, कंपनी देईल, या वाट बघण्यात पंधरा वर्षं गेली.

आता दुसरी गोष्ट, ती परदेशातली आहे. इंग्लंडमध्ये यॉर्कशायर भागात एल्व्हिंग्टन नावाचं गाव आहे. दुसऱ्या महायुद्धात तिथे लष्करी विमानतळ होता. आपली बिरसीची धावपट्टीही त्याच युद्धाच्या काळातली, इंग्रजांनी बांधलेली, म्हणून मला हे गाव एकदम ओळखीचं वाटलं. युद्ध संपलं, पुढे तळावरच्या इमारती पडीक झाल्या, झुडपं माजली. 1980 च्या सुमारास रेचल सेमलिन नावाच्या एका बाईने ती पडीक जागा बघितली आणि जागेच्या मालकाकडे जाऊन म्हणाली, इथे संग्रहालय करू या. 1983 मध्ये माणसं जमली आणि पहिलं काम काय केलं? झुडपं तोडली. 1986 मध्ये लोकांसाठी दार उघडलं.

त्यांना तिथल्या जुन्या हॅलिफॅक्स जातीचं बॉम्बफेकी विमान हवं होतं. पण तसं पूर्ण विमान कुठे मिळेना. तेव्हा स्कॉटलंडच्या एका बेटावर विमानाच्या धडाचा एक तुकडा सापडला. तिथल्या शेतकऱ्याने त्याचा कोंबड्यांचा खुराडा केला होता! हो, हसा, मीही हसले. तो खुराडा आणला, पंख दुसऱ्या जातीच्या विमानाचे मिळवले, इंजिनं आणखी कुठून आणली, आणि वर्षानुवर्षं फुकट राबणाऱ्या माणसांनी ते विमान उभं केलं. 1996 च्या सप्टेंबरात, 13 तारखेला, शुक्रवारी, ते बाहेर काढलं. तिकडे 13 तारखेचा शुक्रवार अशुभ मानतात, आपल्याकडे अमावास्या तशी. त्यांनी मुद्दाम तोच दिवस धरला आणि विमानाचं नावही तेच ठेवलं. कारण युद्धात त्या नावाचं एक विमान शंभराहून जास्त वेळा जाऊन सुखरूप परत आलं होतं.

ते संग्रहालय आजही चालू आहे. तिकीट आहे, खायची-प्यायची सोय आहे, आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे तिथे अधूनमधून एक दिवस ठरवून जुन्या विमानांची इंजिनं सुरू करतात. विमान उडत नाही, नुसतं जागेवर गडगडतं. तेवढ्यासाठी लोक पोरंबाळं घेऊन, तिकीट काढून येतात. उभं विमान माणूस एकदा बघतो. गडगडणारं विमान बघायला तो परत येतो आणि शेजाऱ्यालाही आणतो.

इथे मला माझी चूक सांगायची आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी मोठ्या हौसेने विक्री मेळावा घेतला होता. मंडप, माइक, फ्लेक्स, पाहुण्यांना शाल-नारळ. दिवसभरात 11,400 रुपयांची विक्री झाली आणि मी आनंदात सगळ्यांना फोन केले. रात्री हिशेबाला बसले तर कच्चा माल आणि मंडपाचे मिळून 10,900 गेले होते. पाचशे रुपये उरले आणि माझी दोन रात्रींची झोप गेली. त्यात एका पाहुण्यांनी दोन हजार जाहीर केले होते, ते अजून यायचे आहेत. त्यांचा फ्लेक्स मात्र आधी लागला होता. तेव्हापासून मी ठरवलं, जाहीर झालेली रक्कम वहीत लिहायची नाही. हातात आलेली लिहायची.

म्हणजे कार्यक्रम करूच नये का? करावा. फक्त कार्यक्रमाने कार्यालय चालतं असं समजू नये. रोजचा खर्च रोजच्या पैशाने चालतो. कार्यक्रमाने माणसं जोडली जातात, आणि जमलं तर वर चार पैसे येतात. हे तुम्हाला मी काय सांगायचं? दर महिन्याला शंभर-शंभर रुपये टाकून तुम्ही बँकेच्या मॅनेजरला उठून खुर्ची द्यायला लावलं आहे. सैनिकांसाठीचा ध्वजदिन निधीसुद्धा 1949 पासून दर वर्षी 7 डिसेंबरला असाच जमतो, छातीला लावायचा छोटा झेंडा आणि डब्यात टाकलेली नोट.

आता आपल्या घरचं. आपल्या कार्यालयाचं भाडं महिन्याला 5,000 रुपये. आतापर्यंत ते प्रकल्पातून जात होतं, येत्या एप्रिलपासून जाणार नाही. हे गुपित नाही, मघाच्या अहवालात नवव्या पानावर आहे, पण कोणी विचारलं नाही म्हणून मीच सांगते. त्या दोन खोल्यांत 120 गटांचे दप्तर आहे, चार शिलाई मशीन आहेत, मिरची-हळद कांडायचं यंत्र आहे. खोल्या सोडल्या तर दप्तर एकीच्या घरी, मशीन दुसरीच्या घरी, यंत्र तिसरीच्या गोठ्यात. सुरुवातीला सगळ्या म्हणतील, वापरा ना, आपलंच आहे. दोन पावसाळे गेले की कोणी वापरणार नाही, आणि एक दिवस भंगारवाला सायकल घेऊन दारात येईल.

वर्षाचे 60,000 होतात. 120 गट, म्हणजे एका गटाला वर्षाला 500. अकरा बायांचा गट असेल तर एका बाईला महिन्याला चार रुपये सुद्धा पडत नाहीत. मी हे "वर्गणी" म्हणून मागत नाही, "कार्यालय निधी" असं वेगळं खातं उघडायचा ठराव अध्यक्षाताई थोड्या वेळाने मांडतील. तुमच्या बचतीला यातून एका पैशाचाही धक्का लागता कामा नये. बचत वेगळी, हा निधी वेगळा, पावती वेगळी. कोणी एकत्र करायला सांगितलं, अगदी मी सांगितलं, तरी ऐकायचं नाही.

काल कार्यकारिणीत एक ताई म्हणाल्या की गावोगावी फिरून मोठ्या लोकांकडून घेऊ, एका झटक्यात होऊन जाईल. माझं मत वेगळं आहे. एकाने पाच हजार दिले की खोलीवर त्याचा हक्क लागतो, निवडणुकीच्या वेळी बैठकही तिथेच होते. पाचशे रुपये देणारे 120 गट असले तर खोली कोणाची हा प्रश्न येत नाही. त्या ताईंना हे पटलेलं नाही, त्या आत्ताही मान हलवत आहेत. मग ठरावाच्या वेळी त्यांनी बोलावं, मी बसून ऐकीन.

कार्यक्रम म्हणाल तर आपल्याकडे तो आयता आहे. दिवाळी झाली, भाऊबीज झाली की गावोगावी मंडई लागते. लेकी माहेरी येतात, पाहुणे येतात, दिवसा दंडार, रात्री नाटक. अख्खं गाव रस्त्यावर असतं आणि खर्च करायच्या मूडमध्ये असतं. आपल्याला मंडप घालायचा नाही, फ्लेक्स नको, शाल तर अजिबात नको. दोन टेबलं आणि आपलं कांडप यंत्र न्यायचं, आणि ते तिथे चालू करायचं.

नुसती पाकिटं मांडली तर लोक बघून पुढे जातील, पाकीट दुकानातही मिळतं. डोळ्यांसमोर मिरची कांडताना वास चार घरं जातो. मोहाचे लाडू तिथेच वळायचे. ज्या बाईला आपली मिरची आणून कांडून न्यायची असेल तिने आणावी, किलोमागे दर पाटीवर लिहून ठेवायचा. मशीनही एक न्यायची, पिशवी शिवताना पोरी थांबून बघतात. विजेची सोय कोणाच्या घरून घ्यायची हे आधी विचारून ठेवा, मागे एका ठिकाणी आम्ही तीन तास वायर शोधत होतो.

पैशाची पेटी गटासारखीच. पेटी एकीकडे, किल्ली दुसरीकडे. मंडई संपायच्या आत जमा-खर्चाचा कागद टेबलावर चिकटवायचा, आकडा लहान असला तरी. चारशे उरले तर चारशे लिहा. पुढच्या वर्षी लोक त्या कागदावरच्या सरळ अक्षरामुळे येतात. आणि ज्या बायांनी दिवसभर उभं राहून काम केलं त्यांची मजुरी खर्चात धरायची. फुकट राबायचं असेल तर ते त्या बाईने स्वतः म्हणायचं, आपण गृहीत धरायचं नाही.

पहिल्या वर्षी पाच गावांची मंडई पुरे. दहा नको, आपल्याकडे यंत्र एकच आहे. कोणती पाच, ते तुम्हीच ठरवा, कारण कोणाच्या गावात मंडई कधी हे मला तोंडपाठ नाही, तुम्हाला आहे. मी एक रजिस्टर फिरवते आहे. गावाचं नाव, मंडईचा दिवस, आणि यंत्रासोबत थांबणाऱ्या तीन बायांची नावं लिहायची. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी शेजारणीकडून लिहून घ्या, पण नाव स्वतःच्या तोंडाने सांगा.

गोव्याच्या त्या मावशी तिकडे तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. रजिस्टर त्यांच्यापासून सुरू करते. पेन एकच आहे, फिरून माझ्याकडे परत येऊ द्या.