बंद पडलेला संगणक आणि शाळेच्या नोंदी

शाळेतील संगणक चालता चालता एकाएकी बंद पडतो व पुन्हा सुरू होत नाही, तेव्हा पहिली धास्ती वाटते ती विद्यार्थ्यांच्या नोंदींची. ती बहुधा अनाठायी असते. नोंदी हार्ड डिस्कवर असतात; वीजपुरवठ्यात वा मेमरीत बिघाड झाल्याने त्या सहसा पुसल्या जात नाहीत. यास्तव कारण कळण्यापूर्वी डिस्क ‘फॉरमॅट’ करण्यास कोणासही अनुमती देऊ नये.

कळ दाबूनही पंखा फिरत नसेल, तर त्याच सॉकेटवर दिवा लावून पाहावा. दिवा लागल्यास संशय वीजतारेवर किंवा एसएमपीएसवर घ्यावा. एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नये. प्लग काढल्यावरही त्यातील कपॅसिटरमध्ये घातक विद्युत्भार राहू शकतो. पंखा फिरतो, पण पडदा काळाच राहतो, अशा वेळी आधी मॉनिटरची तार तपासावी. मग प्लग काढून मेमरीची पट्टी बाहेर घ्यावी, तिची सोनेरी कड खोडरबराने हलकेच पुसावी व ती पुन्हा घट्ट बसवावी.

फळ्याशेजारच्या यंत्रात खडूची धूळ किती साठते, हे झाकण काढल्यावरच उमगते! तिने प्रोसेसरचा पंखा अडला की यंत्र तापून आपणहून बंद होते. निवल्यावर चालते, पुन्हा बंद पडते.

एवढ्यानेही न भागल्यास जाणकाराकडून डिस्क दुसऱ्या संगणकास जोडून घ्यावी, नोंदी उतरवाव्यात आणि मगच यंत्र दुरुस्तीस धाडावे.