गिरणीच्या गावात घर घेताना

जळगाव जिल्ह्यातले अमळनेर बोरी नदीकाठी, सुरत–भुसावळ लोहमार्गावर वसले आहे. प्रतापशेठांच्या प्रताप मिलने त्याला कापडाचे गाव केले. गिरणी थांबली, तरी साने गुरुजींनी जिथे शिकवले ती शाळा आणि तत्त्वज्ञान मंदिर ही संस्था यांनी गावाचे मोठेपण राखले. 2024 चे 97वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथेच भरले.

अशा गावात जुने घर घेताना खरी अडचण भिंतींपेक्षा कागदांची असते. आजोबांच्या नावावरच्या घराला वारस अनेक, त्यातले काही पुण्या-सुरतेला. एकाची सही राहिली तरी व्यवहार अडतो. नगरपालिकेचा कर उतारा हा मालकीचा पुरावा नव्हे. बयाणा देण्याआधी मालमत्ता पत्रक आणि दुय्यम निबंधकाकडील सूची क्रमांक दोन वकिलाकडून जरूर तपासून घ्यावी.