नवरदेवाचा सूट : शिवलेला, तयार की भाड्याचा?



लग्न ठरलं की नवरीच्या शालूची चर्चा सुपारी फुटल्यापासून सुरू होते. पैठणी घ्यायची की कांजीवरम, येवल्याला जायचं की लक्ष्मी रोडवरच बघायचं, यावर घरातल्या झाडून साऱ्या बायकांची मतं घेतली जातात. नवरदेवाच्या सुटाची आठवण होते ती पत्रिका वाटून झाल्यावर. मग एका संध्याकाळी नवरदेव, त्याचा एक मित्र आणि घाईत असलेले वडील असे तिघं माझ्यासारख्याच्या दुकानात शिरतात आणि विचारतात, "मास्तर, अठरा तारखेचं लग्न आहे. शिवायचा, तयार घ्यायचा, की हल्ली भाड्यानं मिळतो म्हणतात, तो आणायचा?"

मी पुण्यात चाळीसएक वर्षं कोट शिवतो आहे. तेव्हा माझं उत्तर "शिवा" हेच असणार, असं तुम्हाला वाटेल. तसं ते नसतं. मी उलट विचारतो, "लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून हा कोट कुठं घालणार?" पुष्कळदा तिघंही एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. म्हणजे उत्तर मिळालं. हा कोट त्या दिवसानंतर कपाटात जाणार आणि मुलगा चार-पाच वर्षांनी तो अंगाला होत नाही म्हणून धाकट्या भावाला देणार. अशा माणसानं भाड्याचा सूट आणावा, हे मी शिंपी असून सांगतो.

भाड्याचं नाव काढलं की घरातल्या वडीलधाऱ्यांचा पहिला आक्षेप ठरलेला असतो. शुभकार्याला कोरं वस्त्र हवं, दुसऱ्याच्या अंगातून उतरलेलं कसं चालेल? आक्षेपामागची भावना मला समजते. पण आपल्या लग्नात सूट नेमका कुठं येतो ते बघा. विधींना नवरदेव सोवळ्यात नाहीतर धोतर-उपरण्यात बसतो. ते कोरंच घ्यावं, त्याला फार पैसे पडतही नाहीत. अंतरपाटाशी उभं राहताना कुणी शेरवानी घालतं, कुणी कुर्ता आणि फेटा. सूट उरतो तो संध्याकाळच्या स्वागत समारंभापुरता. घरातले जुने अल्बम काढलेत तर साठ-सत्तरच्या दशकांतल्या कृष्णधवल फोटोंत सूट-टाय, डोक्यावर काळी टोपी आणि कपाळाला मुंडावळ्या अशा थाटातले नवरदेव सापडतील. पुढं सफारी आली, नव्वदच्या दशकापासून शेरवानीनं जोर धरला. ही सगळी त्या त्या काळाची हौस आहे, धर्मशास्त्राला सूट ठाऊकच नाही. थोडक्यात, शास्त्रात सुटाला पूर्ण सूट आहे!

दुसरा आक्षेप प्रतिष्ठेचा. लोक काय म्हणतील? ज्यांच्याकडून आपण सूट उचलला त्या इंग्रजांकडं पाहा. लंडनची मॉस ब्रदर्स ही पेढी १८९७ पासून समारंभाचे कपडे भाड्यानं देत आली आहे, आणि तिथले चांगले खातेपिते नवरदेव भाड्याचा शेपटीवाला कोट घालून चर्चमध्ये उभे राहतात. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. आपल्याकडंही नाटकाला आणि शाळेच्या गॅदरिंगला ड्रेसवाल्याकडून कपडे आणण्याची पद्धत जुनीच आहे.

भरजरी शेरवानीच्या बाबतीत तर मला शंकाच नाही. जरदोजी, मोती, खडे लावलेलं ते वजनदार प्रकरण आयुष्यात दुसऱ्यांदा अंगावर चढत नाही. ते भाड्यानंच आणावं.

मात्र आणताना डोळे उघडे हवेत. दुकानात घालून पाहिलेला नगच आपल्याला मिळेल असं पावतीवर लिहून घ्या. "सेम पीस देतो" याचा अर्थ तोच पीस असा होत नाही. काखेतलं अस्तर बघा, नाक जवळ नेऊन बघायलाही लाजू नका. चेन, बटणं, पँटची खालची दुमड तपासा. आधीचे डाग दुकानदाराला दाखवून त्यांचे फोटो काढून ठेवा, नाहीतर मागच्या लग्नातल्या हळदीच्या डागापायी तुमची अनामत कापली जाते. आणि परत कोण करणार हे आधी ठरवा. दुसऱ्या दिवशी नवरा-नवरी कुलदैवताच्या दर्शनाला जेजुरीच्या वाटेवर असतात, सूट घरात खुर्चीवर पडलेला असतो आणि दिवसाला दंड चढत असतो. हे काम एखाद्या जबाबदार चुलतभावावर सोपवावं.

आता थोडं नाजूक बोलतो. सूट कोणता घ्यायचा हा प्रश्न पुष्कळ घरांत पैसे कोण देणार या प्रश्नाला बांधलेला असतो. लग्नाच्या बैठकीत याद्या होतात आणि त्यात "नवरदेवाचा सूट मुलीकडून" अशी एक ओळ असते. ती ओळ एकदा पडली की कापडाचा भाव वाढायला लागतो. आपल्या खिशातून जो मुलगा साधं कापड घेईल, त्याच मुलासाठी त्याचे काका-मामा सर्वांत वरच्या फळीवरचा तागा खाली काढायला लावतात.

काही वर्षांपूर्वी अशीच मंडळी दुकानात आली होती. मुलीचे वडील गावाकडून एसटीनं आलेले, मांडीवर पिशवी घेऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले होते. कापड निवडत होते मुलाचे काका. मी तागे उलगडत होतो, आणि दर ताग्याला वधूपित्याची नजर कापडावरून घसरून भावाच्या चिठ्ठीवर जात होती. काकांनी शेवटी एक ताग्यावर हात ठेवला. तेवढ्यात नवरदेव म्हणाला, "काका, मी दिवसभर कारखान्यात युनिफॉर्मवर असतो. कोट घालून जाऊ कुठं? मी भाड्यानं आणतो. पैसे माझे मी देईन."

काका म्हणाले, "अरे, यादीत लिहिलंय."

"मग खोडू या."

दुकानात क्षणभर कुणीच बोललं नाही. काकांचा चेहरा उतरला होता, आणि खरं सांगायचं तर माझंही चांगलं गिऱ्हाईक जात होतं. मी चहा मागवला. चहाचे पैसे मात्र मुलीच्या वडिलांनी मला देऊ दिले नाहीत, हट्टानं स्वतः दिले. जाताना त्यांनी जावयाच्या खांद्यावर हात ठेवला तो गल्लीच्या टोकापर्यंत तसाच होता.

हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ चा आहे, हे सगळ्यांना माहीत असतं. न मागता, रीतीप्रमाणे आणि ऐपतीला धरून दिलेल्या भेटींना तो आड येत नाही. १९८५ च्या नियमांप्रमाणे अशा भेटींची लेखी यादी ठेवायची असते आणि तिच्यावर नवरा-नवरी दोघांच्या सह्या लागतात. सगळी मेख "न मागता" या शब्दांत आहे. बैठकीत घासाघीस करून लिहून घेतलेला सूट भेट कसा म्हणायचा? माझा अनुभव असा की हा प्रश्न काकांनी सोडवायचा नसतो आणि मुलीच्या बापाला तर तोंडच उघडता येत नाही. बोलू शकतो तो एकटा नवरदेव. आपल्या सुटाचे पैसे त्यानं आपण दिले, की तीन पर्यायांतला कोणता बरा हे त्याला चटकन समजतं!

पैसे आपले असले की हिशेबही सोपा होतो. समजा, कापड आणि शिलाई धरून सूट अठरा हजारांना पडला आणि तसाच भाड्याचा चार हजारांना मिळतो. चार वेळा घातलात तर दर वेळचे साडेचार हजार पडले, म्हणजे भाडंच स्वस्त. पाचव्यांदा घातलात की हिशेब उलटतो. वकील, हॉटेलातली नोकरी, परदेशी पाहुण्यांच्या बैठका, अशी कामं असलेल्यानं सूट आपला करावा. रंगही मग तसा निवडावा. काळ्याभोर चकाकत्या कापडाचा सूट पुन्हा ऑफिसात घालवत नाही. गडद निळा किंवा करडा लग्नात शोभतो आणि नंतरही चालतो.

तयार सुटाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. वेळ पंधरा दिवसांहून कमी असेल आणि तुमची अंगलट साधारण असेल, तर तयार घ्या. कोटावरचा ३८, ४०, ४२ हा आकडा छातीच्या इंचांचा असतो. तो बघण्याआधी खांदा बघा. कंबर आत घेता येते, बाही आखूड करता येते, पँट तर कशीही करता येते. पण खांदा दुरुस्त करणं म्हणजे अर्धा कोट उसवणं. कोट घालून भिंतीला बाजूनं टेकून उभे राहा. तुमच्या दंडाआधी कोटाच्या खांद्याचं पॅड भिंतीला लागलं, तर तो कोट तुमच्यापेक्षा मोठ्या माणसाचा आहे.

ज्यांचा एक खांदा उतरता आहे, पोट पुढं आहे, पाठीला थोडा बाक आहे किंवा उंची फार कमी-जास्त आहे, त्यांनी शिवून घेतल्याशिवाय इलाज नाही. आणि गिऱ्हाइकांत अशी माणसं पुष्कळ निघतात, फक्त आरशासमोर कबूल करत नाहीत. शिवायचा तर दीड महिना हाताशी ठेवा. दुहेरी पन्ह्याचं, म्हणजे ५८ ते ६० इंची कापड साधारण सव्वातीन मीटर लागतं. उंच किंवा स्थूल माणसाला साडेतीन, आणि मोठी चौकडी असेल तर रेघा जुळवण्यासाठी आणखी थोडं.

शिंप्याला एक प्रश्न जरूर विचारा, छातीत कॅनव्हास घालणार की फ्युजिंग? कोटाची छाती ज्यामुळे उभी राहते ते आतलं कापड बाहेरून दिसत नाही. जुन्या पद्धतीत कॅनव्हास, त्यावर घोड्याच्या केसांचं कापड, आणि ते सगळं हाताच्या सैल टाक्यांनी धरलेलं असतं. असा कोट हळूहळू अंगाचा आकार घेतो. फ्युजिंग हे इस्त्रीच्या उष्णतेनं चिकटवलेलं अस्तर. ते स्वस्त पडतं, काम पटकन होतं आणि चांगल्या प्रतीचं असेल तर टिकतंही. हलकं असेल तर काही ड्रायक्लीननंतर छातीवर पापडासारखे फुगे येतात. तयार कोटातही हे तपासता येतं. खालच्या बटणाजवळ वरचं कापड आणि आतली पट्टी दोन्ही हातांच्या चिमटीत धरून अलग ओढा. मधे तिसरा सुटा थर बोटांना जाणवला तर कॅनव्हास आहे.

पहिली ट्रायल कच्च्या टाक्यांवर होते. तिला लग्नातला शर्ट आणि लग्नातले बूट घालून या, सँडल घालून येऊ नका. शेवटची ट्रायल केळवणं आटोपल्यावर ठेवा. श्रीखंड-पुरी, बासुंदी, पुन्हा श्रीखंड, असं वीस घरी जेवून नवरदेवाची कंबर दीड इंच वाढलेली मी कित्येकदा मोजली आहे. म्हणून आम्ही शिवणीत जादा कापड सोडतो. शिवणकामात त्याला माया म्हणतात. भाव कमी करताना काही ठिकाणी पहिली कापली जाते ती माया. आतल्या शिवणी उलट्या करून ती किती ठेवली आहे ते बघून घ्या.

उकाड्याचं तेवढं सांगतो. वैशाखात विदर्भ-खानदेशात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना आपण मुलाला जाड टेरीवूलच्या सुटात स्टेजवर तीन तास उभं करतो. पॉलिएस्टर घाम शोषत नाही. लोकर म्हणजे गरम, हाही गैरसमज आहे. सैल विणीचं हलकं लोकरी कापड आणि पाठीला अर्धंच अस्तर, असा कोट उन्हाळ्यात सुसह्य होतो. शिवून घेण्याचा हा मोठा फायदा, कारण अस्तर किती आणि कुठं हे आपल्या हातात राहतं.

आणि एक करा. नव्या कोटाचे खिसे कच्च्या दोऱ्यानं शिवून बंद केलेले असतात, मागच्या फाटीवर फुलीचा टाका असतो, तयार कोटाच्या बाहीवर कंपनीची पट्टी असते. हे सगळं घरी आदल्या दिवशी कात्रीनं काढा. दर मोसमात पाठीवर फुली घेऊन स्टेजवर उभा असलेला एखादा नवरदेव मला दिसतोच. शिवाय आहेराची पाकिटं यायला लागली, की खिसा उघडा असलेला बरा.