शेळीची नाडी, आपली नाडी

हातातलं काम चालू ठेवा, फक्त कान इकडे द्या.

मागे आमच्या गटाचं शेळीपालनाचं प्रशिक्षण झालं. जनावरांच्या डॉक्टरांनी शेळीच्या मागच्या मांडीला आतून बोटं लावून नाडी मोजायला शिकवलं. धडधाकट शेळीची नाडी मिनिटाला 70 ते 90 असते. मग आम्ही हसत हसत एकमेकींच्या मनगटावर बोटं ठेवली. कुणाची 74 भरली, कुणाची 80. आमच्या एका वहिनींची मात्र बसल्या जागी 112! आमचं हसू तिथंच थांबलं.

नाडी म्हणजे काय? हृदय रक्त ढकलतं, त्याचा धक्का बोटांना लागतो. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण 5 लिटर रक्त असतं आणि तेच पुन्हा पुन्हा फिरतं. 1628 साली विल्यम हार्वे या इंग्रज डॉक्टरांनी हा हिशेब मांडला. हृदय अर्ध्या तासात जेवढं रक्त ढकलतं, तेवढं अख्ख्या अंगातही नसतं. म्हणजे गेलेलंच परत येतं.

आपल्या हृदयाला चार कप्पे असतात. उजवी बाजू रक्त फुप्फुसांकडे पाठवते. तिथं प्राणवायू घेऊन ते डावीकडे येतं आणि डावी बाजू ते अंगभर पोचवते. शेळी, गाय, कोंबडी यांचंही असंच. बेडकाला तीनच कप्पे, म्हणून ताजं आणि वापरलेलं रक्त थोडं मिसळतं. माशाला दोन कप्पे. रक्त कल्ल्यांतून थेट अंगात जातं. आणि झुरळ मारलं तर लाल रक्त का दिसत नाही? कारण त्याचं रक्त प्राणवायू वाहतच नाही. हवा अंगावरच्या बारीक छिद्रांतून नळ्यांवाटे आत जाते.

आपल्या रक्ताचा लाल रंग हिमोग्लोबिनचा. त्यात लोह असतं आणि तेच प्राणवायू धरून नेतं. हिमोग्लोबिन कमी पडलं की प्रत्येक फेरीला माल कमी जातो. मग हृदयाला फेऱ्या वाढवाव्या लागतात.

वहिनींचं तेच झालं होतं. हंडा घेऊन चढ चढताना त्यांना धाप लागायची. घरचे कामचुकार म्हणायचे, आणि त्यांनाही ते खरं वाटायला लागलं होतं. आशाताईंबरोबर जाऊन तपासणी केली, तर हिमोग्लोबिन 8! डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. तीन महिन्यांनी ते 10.8 झालं, नाडी 84 वर आली. अजून 12 गाठायचं आहे, पण चढावर आता त्या मध्ये थांबत नाहीत.

बाईचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली नको, गरोदरपणी 11 च्या खाली नको. गोळी चहासोबत घेऊ नका, लिंबूपाण्यासोबत घ्या. शौचाला काळी होते, घाबरू नका. जेवणात पालेभाजी, कडधान्यं, हळीव असू द्या.

पुढच्या बैठकीत हप्ता गोळा झाला की एकमेकींची नाडी मोजा. स्वस्थ बसून 100 च्या वर भरली, तर उपकेंद्रात दाखवा. ताप किंवा दुसरा आजारही असू शकतो, ते डॉक्टर सांगतील. शेळीला आपण वेळेवर दाखवतो. स्वतःलाही दाखवूया.