बाकीची मुले
(ज्ञातिमंडळाच्या नेरूळ येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आम्ही पडलो मॅट्रिक झालेले शिक्षक. पांडित्याचा आव आम्ही आणणार नाही. परंतु नवी मुंबईत इतिहास शिकविताना वर्गात उपस्थित झालेला एक प्रश्न सेवानिवृत्तीनंतरही आमची पाठ सोडीत नाही, तो आपणांपुढे ठेवतो.

अस्पृश्यता संविधानाने नष्ट केली, हे वाक्य मुले पाठ करतात आणि गुण मिळवितात. एके वर्षी आम्ही फळ्यावर नुसते सन लिहिले. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेने एका महार मुलास प्रवेश नाकारला. न्याय त्याच्या बाजूस आहे हे मुंबई सरकारने मान्य केले. तथापि एकट्याकरिता बाकीचे विद्यार्थी दुरावतील, म्हणून नकार कायम ठेविला. १८५८ साली कंपनीच्या संचालकांनी सरकारी शाळा सर्वांस खुल्या असल्याचे कळविले. असे असूनही १९०० नंतर साताऱ्यास शिकणाऱ्या भीमराव आंबेडकरांस वर्गात निराळे, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे. शिपायाने नळ सोडला तर पाणी, शिपाई नसला तर तहान! १९१९ साली शाहू महाराजांनी कोल्हापुरात अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांस सर्वांच्या शाळांत घेण्याचा हुकूम काढला. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात बोल्यांचा ठराव झाला.

मुलांनी सनांची वजाबाकी केली. इतक्यात मागच्या बाकावरील एक मुलगी उठून म्हणाली, “गुरुजी, त्या वर्गातली बाकीची मुले तेव्हा काय करीत होती?”

बंधूंनो, ती बाकीची मुले म्हणजे आपले आजे-पणजे! आणि केवळ तेच कशाला? आमच्या बालपणी, म्हणजे स्वातंत्र्य मिळून वीस वर्षे उलटल्यावरही, गावच्या शाळेत माठावरचे ओगराळे आमच्या हाती असे. एका सोबत्याच्या ओंजळीत आम्ही ते उंचावरून ओतीत असू. गुरुजींनी आपणांस हे काम दिले, याचा आम्हांस मोठा अभिमान वाटे. त्याने मान वर करून आमच्याकडे कधी पाहिल्याचे स्मरत नाही.

हे आम्ही वर्गास सांगितले. दुसऱ्या दिवशी आपल्याच ज्ञातीतील एक पालक येऊन म्हणाले, “झाले गेले कशाला उकरता? मुलांना आपल्याच माणसांची लाज वाटेल.” त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण अमेरिकेत लिटल रॉक येथे १९५७ साली नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थी शाळेत गेले, त्या वेळच्या छायाचित्रांत ओरडणारा जमावही दिसतो. तो कापून उरलेले चित्र मुलांस दाखविले, तर सैन्य कशाकरिता बोलवावे लागले हे त्यांस कसे उमजावे? त्या वर्गातील एका मुलाने घरी जाऊन मोलकरणीचा निराळा कप कशासाठी, असे आईस विचारले. पाठ्यपुस्तकातील कोणत्याही स्वाध्यायाने हे घडले नसते.

आपल्या मंडळात सत्तरी-ऐंशी ओलांडलेले कितीतरी वडीलधारे आहेत. आपल्या शाळेत माठ कोठे असे, कोण कोठे बसे आणि आपण स्वतः काय केले, हे त्यांनी नातवंडांकडून लिहवून घ्यावे. पुढील स्मरणिकेत त्यासाठी पाने राखून ठेवावीत, अशी आम्ही संपादक-मंडळास विनंती केली आहे. आमचे ओगराळ्याचे टिपण आम्ही आजच त्यांच्या स्वाधीन करीत आहो.