पाण्यातून काढलेला हायड्रोजन कितपत स्वच्छ?



पापाटोएटोतील आपल्या मंडळींकडून हल्ली हायड्रोजनविषयी वारंवार विचारणा होते. तो खरोखरच स्वच्छ असतो का? घरात त्याचा उपयोग आहे का? मी अभियंता नव्हे, परिचारिका. तरी जे समजून घेतले ते सांगते.

पाण्यात वीज सोडली की हायड्रोजन आणि प्राणवायू विलग होतात. निकल्सन व कार्लाइल यांनी लंडनमध्ये १८०० साली हे दाखविले. हे करणाऱ्या यंत्राला इलेक्ट्रोलायझर म्हणतात. आपल्याला तर हा विषय परका नाही. आपले पूर्वज कोकणात घाणा चालवीत आणि शब्बाथ पाळीत, म्हणून ते शनवार तेली. पुढे कारखान्यांत तेलाला हायड्रोजन देऊन वनस्पती तूप होऊ लागले, आणि तो हायड्रोजन अनेक कारखाने पाण्यातूनच काढीत. पंजाबात नांगल येथे १९६० च्या दशकात भाक्राच्या विजेवर खतासाठी हेच झाले.

एक किलो हायड्रोजनला निदान नऊ लिटर पाणी आणि सुमारे ५० ते ५५ युनिट वीज लागते. सोबत आठ किलो प्राणवायू निघतो. (सिलिंडर संपत आला की जीव कसा टांगणीला लागतो हे पाहिलेल्या मला तो बहुधा हवेतच सोडून देतात याची हळहळ वाटते; पण शुद्ध करून, दाबून भरण्याचाही खर्च असतो.) आता हीच वीज कोळशाची असेल, तर त्या एका किलोमागे पन्नासएक किलो कार्बन डायऑक्साइड आकाशात जातो. नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन काढण्याच्या जुन्या रीतीत तो नऊ-दहा किलो असतो. म्हणजे यंत्र तेच, पण विजेचे मूळ वाईट असेल तर फळ पाचपट वाईट. म्हणून कोणी ‘स्वच्छ’ म्हटले की पहिला प्रश्न विजेचा विचारावा. टाउपोजवळ मोकाई येथे मावरी जमीनधारकांचा तुआरोपाकी ट्रस्ट आणि जपानची ओबायाशी कंपनी यांनी दीड मेगावॉटचा प्रकल्प उभारला, तो भूगर्भातील उष्णतेच्या विजेवर. तेथे उत्तर समाधानकारक आहे.

मग हा हायड्रोजन द्यावा कोठे? माझे मन नवगावाकडे जाते. आपल्या पूर्वजांचे गलबत जेथे फुटले असे आपण परंपरेने मानतो, तेथून जवळच थळला राष्ट्रीय केमिकल्सचा खत कारखाना आहे. तेथे नैसर्गिक वायूतून हायड्रोजन, त्यातून अमोनिया, आणि पुढे युरिया होतो. हे काम बॅटरीने होणारे नाही. हायड्रोजन हा तेथे कच्चा मालच आहे. भारताने २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचे उद्दिष्ट ठेवले आहे आणि महाराष्ट्राचे धोरण २०२३ मध्ये आले. मात्र एक मेख आहे: युरियाला कार्बन डायऑक्साइडही लागतो, आणि पाण्यातून तो मिळत नाही. तो अन्यत्रून आणावा लागेल.

घरगुती गाडीसाठी मला हा मार्ग उधळपट्टीचा वाटतो. शंभर युनिटांपैकी बॅटरीच्या गाडीत सत्तरांहून अधिक चाकांपर्यंत पोहोचतात. हायड्रोजनच्या वळणाने तीसच्या आसपास. स्वयंपाकालाही सरळ विजेची शेगडी बरी.

आता माझ्या पेशातले. पाण्यात हायड्रोजन सोडणाऱ्या बाटल्या आपल्या वयाच्या माणसांना रामबाण म्हणून विकल्या जातात. त्या कोणत्याही रोगावरील सिद्ध उपचार नाहीत. पाणी प्यायचे तर प्या, पण त्या भरवशावर मधुमेहाची किंवा रक्तदाबाची एकही गोळी बंद करू नका.

आणि नातवंडांना प्रयोग दाखवायचा असेल, तर लहानशी बॅटरी घ्या, पाण्यात मीठ मुळीच घालू नका. मिठाने विषारी क्लोरिन निघतो. चिमूटभर खाण्याचा सोडा पुरे. वायू बाटलीत कोंडू नका, जवळ मेणबत्ती नको, आणि खिडकी उघडी ठेवा.