सागरातून परतलेल्यांची साक्ष



समुद्रातून जिवंत परतलेला मनुष्य बहुधा मौन पाळतो. आपली चूक चारचौघांत कशी सांगावी, हा संकोच त्यास ग्रासतो. अमेरिकेतील 'सी कयाकर' या नियतकालिकाने, जे २०१४ साली बंद पडले, हा संकोच मोडून काढला. कयाक म्हणजे दोन पात्यांच्या वल्ह्याने हाकावयाची चिंचोळी होडी. ती कशी उलटली, अंगावर वस्त्रे कोणती होती, मदतीचा इशारा देण्याचे साधन जवळ होते की नव्हते, याच्या हकिगती त्याने छापल्या. १९९७ साली त्यांचे 'डीप ट्रबल' हे पुस्तक निघाले.

मौनाचे मोल काय असते? २२ मार्च १९९३ रोजी इंग्लंडमधील लाइम रीजिस येथून आठ विद्यार्थी, एक शिक्षक व दोन प्रशिक्षक कयाक घेऊन निघाले. वाऱ्याने होड्या खोल समुद्रात नेल्या, एकेक उलटत गेली. जवळ ना रेडिओ, ना इशाऱ्याचे अग्निबाण. गोठविणाऱ्या पाण्यात तास लोटले. हेलिकॉप्टर आले, काही वाचले. चार मुले मात्र गेली.

आणि खेद हा, की त्या केंद्रातील दोन प्रशिक्षकांनी आदल्या वर्षीच नोकरी सोडताना सुरक्षेविषयी पत्र लिहून बजावले होते! पत्र संचालकापाशीच राहिले. पालकांच्या हाती ते पडले असते, तर? १९९४ साली संचालक व कंपनी दोषी ठरली, ती त्याच पत्राच्या पुराव्यावर. पालकांनी मग दुःख घरात कोंडले नाही. ते बोलत राहिले, आणि १९९५ साली अशा केंद्रांना परवाना सक्तीचा करणारा कायदा संमत झाला.